डावीकडे वळल्यावर बोलणारे मास्तर

ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. गाडी शिकायला मात्र कोणीच आलं नव्हतं. सगळे आले होते ते स्कूलच्या जुन्या गाडीला प्रश्न विचारायला. हॉर्न वाजला तर 'हो', गप्प राहिला तर 'नाही'. उत्तरं देत होते म्हणे स्कूलचे मास्तर, जे नुकतेच वारले होते.

स्टिअरिंगवर संकेत महाराज नावाचे एक बाबा विराजमान. इंजिन सुरू, डोळे मिटलेले, हात चाकावर.

"बोला मास्तर, ह्या ताईंच्या मुलाला नोकरी लागेल?"

चाक डावीकडे फिरलं आणि पँऽऽ! गर्दीने हात जोडले.

"देह जातो, सवय जात नाही!" महाराज गरजले. "जन्मभर ज्याने हॉर्न मारला, तो मेल्यावर थांबेल होय?"

मास्तरांच्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि माना डोलावणाऱ्यांत तिचे जुने विद्यार्थीही होते. काय शिकवलं मी ह्यांना, डोंबल!

गाडीला हे खूळ लागलं ते आईच्या मायेपोटी. मास्तरांनी हयातीतच झिजलेलं स्टिअरिंग काढून नवं बसवलं होतं. ते गेल्यावर आईने माळ्यावरचं जुनं चाक उतरवून गॅरेजवाल्याकडून परत बसवून घेतलं, कारण त्यावर त्यांच्या हातांची झिलई होती. त्याच दिवसापासून डावं वळण घेतलं की हॉर्न वाजू लागला आणि समोर एक लाल दिवा पेटून राहिला. चाकाबरोबर मास्तर परतले, असं निदान महाराजांनी केलं. लाल दिवा हा त्यांचा जागता डोळा. गाडीला पाना लावाल तर तो कायमचा मिटेल! मास्तरांमागे स्कूल आईच चालवायची, आणि तिचा एवढा विश्वास बसला की सीटबेल्ट न लावताच ती शिकाऊ मुलींना घेऊन हमरस्त्यावर जाऊ लागली.

"आई, तो दिवा एअरबॅगचा आहे गं. टक्कर झाली तर ती उघडणार नाही."

"ते आहेत ना सांभाळायला."

"आणि नसले तर?"

"तुला नकोत म्हणून मलाही नकोत का?"

लेकीला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. ती गॅरेजवाल्याला घेऊन तडक गर्दीत घुसली.

"महाराज, माझाही एक प्रश्न. पण हात मांडीवर ठेवा. पप्पा, मी तुमचीच मुलगी ना?"

हॉर्न गप्प. गर्दीत कुजबुज झाली.

"आत्मा रुसला!" महाराज म्हणाले.

"असं?" तिने खिडकीतून हात घालून चाक डावीकडे फिरवलं. "पप्पा, दोन अधिक दोन पाच?"

पँऽऽ!

"गणित कच्चं झालं वाटतं त्यांचं," कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्यांदाच गर्दी हसली. महाराजांना तेवढ्यात दुसरीकडचं आमंत्रण आठवलं.

गॅरेजवाल्याने बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबून चाक उतरवलं. मागे एक चपटी गोल डबी होती. लेकीने तिचं झाकण उघडलं. आत फितीसारखी पातळ वायर गुंडाळलेली होती.

"स्टिअरिंगचं चाक फिरतं, पण वायरचं दुसरं टोक गाडीला पक्कं असतं," ती म्हणाली. "मग हॉर्नची आणि एअरबॅगची वायर पिळवटून तुटू नये म्हणून ही फीत. चाकाबरोबर घट्ट होते, सैल होते. पण ती मधोमध बसवावी लागते, म्हणजे दोन्हीकडे सारखी ढील राहते."

गॅरेजवाला खाली बघत म्हणाला, "घाईत मधली खूण बघितली नाही मी."

"म्हणून डावीकडे ढील पुरली नाही. फीत ताणली, सोलली. उघडी तार लोखंडाला टेकली की हॉर्न वाजायचा. आणि ही दुसरी तार तुटलेली बघा, एअरबॅगची. गाडी मदत मागत होती आणि तुम्ही तिला नवस बोलत होतात!"

आईने ती फीत हातात घेतली. "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, आई."

आईने फीत गॅरेजवाल्याच्या हातात परत दिली. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या मुलींपैकी एखादीला काही झालं असतं, तर तो दोषही मी त्यांच्याच नावावर टाकला असता गं." आणि नवी डबी बसेपर्यंत स्कूल बंद राहील, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं.

गेलेल्या माणसाची आठवण काढा, हवं तेवढं रडा, त्यात कमीपणा नाही. पण यंत्र बिघडलं तर यंत्रच बिघडलेलं असतं. लाल दिवा दिसला तर हात जोडू नका, गाडी थांबवा.