आजोबांना विचारलंय

बाबांचं घड्याळ मीच बनवलेलं, त्यामुळे बोलणीही मीच खायची. बटण दाबलं की ते वेळ सांगतं, गोळीची आठवण करून देतं. बाबांना हल्ली अंधुक दिसतं. घड्याळ नीट चाललं तर ते आपल्या घरी परत जाणार, नाहीतर कायमचे माझ्याकडे. "इथे सगळं आहे, पण मला सुख दुखतंय असं समज," म्हणतात.

बॅटरी मात्र दोन दिवसांत मान टाकायची. म्हणून मी आवाज साठवणाऱ्या चिपला, काम नसेल तेव्हा, झोपायला लावलं. हिशेबाने आता दहा दिवस! मी खुर्चीसकट गिरकी घेतली. बाबांनी बटण दाबलं. "आता तीन वाजून..." आणि घड्याळ गप्प.

"तीन वाजून काय?" बाबा म्हणाले. "पुढचं मी सांगायचं का त्याला?"

जेवणाच्या टेबलावर तारा पसरून मी कोड उकरायला बसले. चिपचे मी तीन कप्पे केलेत: प्रोग्राम, सेटिंग आणि आवाज. कप्पा उघडला की त्याने आपल्या पालकाला, म्हणजे तो ज्याच्या पोटात आहे त्याला, कळवायचं, माझं काम चालू आहे, जागा राहा. कप्पे इमानदारीत कळवत होते. निरोप पोचतही होता. मग चिप झोपतेय कशी? डोकं पिकलं.

तेवढ्यात लेक सायकल काढून दाराबाहेर.

"कुठे निघालीस? मला विचारलंस?"

"आजोबांना विचारलंय! हो म्हणाले!"

आजोबा तर कशालाही हो म्हणतात. मी ओरडणार होते, पण तोंडातून निघाली ती किंकाळीच, आनंदाची. पालक म्हणून मी चिपऐवजी, चिप ज्यावर बसवलीय त्या अख्ख्या बोर्डाचं नाव लिहून ठेवलं होतं! कप्पे आईला डावलून थेट आजोबांना सांगत होते. बोर्ड काय, कायमच जागा. आणि चिपला कोणी काही सांगतच नाही, म्हणून ती बिचारी दोन सेकंदांत डुलकी काढायची. काखेत कळसा! एक नाव बदललं.

"आता पाच वाजून बारा मिनिटं झाली आहेत. रक्तदाबाची गोळी घ्या."

मी नाचले, सायकल टाकून लेक नाचली. बाबांनी बटण अकरा वेळा दाबलं, अकराही वेळा वाक्य पुरं झालं. मग ते आत गेले. कपाट वाजलं. आले ते बॅग घेऊनच.

"आजच? बाबा, निदान मला विचारायचं तरी!"

बाबांनी नातीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला विचारलंय," ते म्हणाले. "हो म्हणाली."