पुढच्या टांग्यातला फेटा

संस्थान विलीन झालं, घोडदळाचा रिसाला मोडला आणि रिसाल्यातले घोडे टांग्यांना जुंपले गेले. माणसांचंही तेच झालं. आमचे हे, म्हणजे कान्होजी, आणि त्यांच्या तुकडीचे दफेदार तुकोजी यांनी तलवारी ठेवल्या आणि चाबूक हातात घेतले. विश्वासराव ठेकेदाराचे चार टांगे होते. नया बाजारातून गिरणीतल्या बाबूलोकांना बिर्लानगरला पोचवायचं, हे काम. चार टांगेवाल्यांची घरं त्यावर चालत.

त्यात तुकोजी बोलून बसले. ठेकेदार सहज म्हणाला होता, "सरकारी घोडे म्हणजे खायला काळ अन् भुईला भार." झालं! दफेदारांच्या मिशा थरथरल्या.

"माझे घोडे? अहो, पुढं एक माणूस बसवा. मागचे तिन्ही घोडे बिल्कुल ओळीत येतील, लगामाला हात न लावता!"

ठेकेदाराचे डोळे चमकले. घोडे आपले आपण येणार असतील तर मागे तीन माणसं पोसायची कशाला? त्याने रविवारी परीक्षा ठरवली. घोडे आले तर आमचे हे आणि दुसरे दोघे घरी बसणार होते.

मी ह्यांना म्हटलं, "जाऊन सांगा दफेदारांना. आमच्या पोटावर पाय येतोय म्हणावं."

"मी काय सांगणार? ओळीत पुढच्याला विचारायचं नसतं."

जळ्ळी मेली ती ओळ! रिसाला गेला, पण ह्यांच्या अंगातली ओळ काही जाईना. तुकोजींनाही कळलं होतं आपण काय करून बसलो ते. आठवडाभर ते आमच्या दारावरून मान खाली घालून जात. पण शब्द मागे घेतील तर शपथ.

रविवारी सकाळी टांग्यांत वजन हवं म्हणून आम्हा बायकांनाही बसवलं. पुढच्या टांग्यात तुकोजी, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून ठेकेदार. त्याला आपली वरात डोळे भरून बघायची होती. दुसऱ्या टांग्यात, पुढच्या बैठकीवर, मी आणि तुकोजींच्या मंडळी सुधाताई. आमचे हे आणि दोघे टांगेवाले शेवटच्या टांग्यात, मागच्या बैठकीवर, हातावर हात ठेवून. एखादा तरी घोडा बिथरावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते.

एकही बिथरला नाही. आमच्या टांग्याचा लगाम दांडीला नुसता गुंडाळलेला, तरी घोडा पुढच्याच्या चाकांमागून शहाण्यासारखा चालत होता. गोरखी वाड्यापाशी गर्दी थांबून बघायला लागली. पोरं ओरडली, "भूत चला रहा है!" ठेकेदार मला बघून हसला. माझा जीव अर्धा झाला.

"बघ लीला," सुधाताई अभिमानाने म्हणाल्या, "स्वतःही लगाम सैल सोडून बसलेत. हात बघ, कसा खाली सोडलाय."

मी बघितलं. ठेकेदाराच्या डोक्यामागे तुकोजींचा फेटा पुढे झुकलेला होता. घोड्याशी बोलत असतील, असं वाटलं.

मग पुढचा टांगा भलतीकडेच वळला. बिर्लानगरचा रस्ता सोडून रिसाल्याच्या जुन्या पागेकडे. मागचे तिन्ही घोडेही वळले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दफेदारांनी मुद्दाम वाट चुकवली, परीक्षा बिघडवली, आपल्या माणसांसाठी शब्द मोडला! मागे वळून ह्यांना बघितलं, तर हे पाठमोरे, ताठ बसलेले. ओळीत मान वळवायची नसते ना!

पागेत आता सरकारी गोदाम होतं. घोडे आत शिरले आणि आपापल्या जुन्या खुंट्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"तुकोजी, इथं कुठं आणलंत?" ठेकेदार हसतच वळला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुकोजी बाजूला कलंडले. फेटा आधी पडला, मग ते.

हे धावत आले. त्यांनी तुकोजींच्या छातीला कान लावला. मग हात हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. हात गार पडला होता.

सुधाताई टांग्यातच बसून होत्या, चेहऱ्यावर अजून तेच अर्धं हसू. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्या विचारतही नव्हत्या. ठेकेदार पांढराफटक पडला होता. तो इतका वेळ एका मेलेल्या माणसाला पाठ टेकून हसत आला होता.

"मग..." तो पुटपुटला, "मग इतका वेळ चालवत कोण होतं?"

हे उठले आणि ठेकेदाराला न विचारता तुकोजींच्या जागी बसले. दुसरे दोघेही आपापल्या टांग्यांवर चढले. आम्ही दफेदारांना घरी आणलं. ठेकेदार मागून पायी आला.

त्याने परीक्षेचं नाव पुन्हा काढलं नाही. आमची चूल वाचली. सुधाताईंची त्या दिवशी पेटायची नव्हती, म्हणून कडू घासाचा पिठलंभात मीच रांधून नेला. ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी घास उचलला, पण तोंडात घातला नाही.

"कान्होजी उद्या टांगा काढणार ना?"

"हो, ताई."

"मग त्यांना म्हणावं, लगाम घट्ट धरा," त्या म्हणाल्या. "आणि तू मागे बसलीस, तर मधूनमधून हाक मारत जा."