तीन तासांचं विमान

"आई गेली रे. उद्या दिवस मावळेपर्यंत ठेवतो, त्यापुढं नाही जमायचं." गावाहून नागेशला काकांचा फोन आला. दुबईपलीकडच्या फुजैराच्या बंदरावर तो वेल्डर. गाव संगमेश्वराकडचं. एकुलता एक मुलगा, अग्नी त्यानेच द्यायचा. आणि तो वेळेत येईल असा भरवसा काकांना दिला कुणी? ह्यानेच! मागच्या सुट्टीत ओटीवर बसून फुशारकी मारली होती, "दुबई म्हणजे काय हो काका, तीन तासांचं विमान! आपली एस.टी. जास्त वेळ घेते."

मुदीरने, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरने, कधी नव्हे तो निमूटपणे पासपोर्ट काढून दिला. "यल्ला, जा," म्हणाला. नागेश टॅक्सीत पाय टाकणार, तोच त्याच्या खोलीत राहणारा गाववाला किसन सुतळीने आवळलेला खोका घेऊन हजर! "वाईट झालं रे," म्हणता म्हणता त्याने तो डिकीत कोंबलासुद्धा. "पोरांचे कपडे आहेत, आशाला दे."

शी! आईच्या मयतीला निघालेल्या माणसाच्या गळ्यात खोका? खोका तिथल्या तिथे परत द्यावा, असं नागेशला वाटलं. पण नाही कसं म्हणणार? गावी जाणाऱ्याने सगळ्यांचं न्यायचं, ही कामगारांच्या कॅम्पची रीतच. आईची शाल, तिच्या गुडघ्याचं तेल किसननेच तर पोचवलं होतं.

विमानाने आपला शब्द पाळला. अख्खा समुद्र ओलांडून सकाळी मुंबईत उतरवलं. आता गाडी पकडली की उजेडात घर.

कस्टमवाल्यांनी खोका उघडला. कपड्यांच्या घड्यांत दोन व्हिडिओ कॅमेरे! "ड्यूटी भरा, नाहीतर इथे सोडून जा," साहेब म्हणाला. त्याचं काय चुकलं? सोडून जा, एवढं सोपं होतं. पण गावात तोंड कसं दाखवायचं? 'आई मेली आणि ह्याने आमचा माल गिळला' म्हणायला लोक मोकळे. नागेश ड्यूटीच्या रांगेत उभा राहिला. पुढे टीव्हीवाले, सोनेवाले, हुज्जत घालणारे. रांग हलेचना. स्वतःची किळस येत होती, तरी खोका काही हातून सुटला नाही.

तो गावात शिरला तेव्हा दिवस मावळून गेला होता. चुलतभावाने अग्नी दिला होता. नदीकाठी निखारे तेवढे उरले होते. आईचं तोंड काही दिसलं नाही.

सकाळी किसनची बायको भेटायला आली. आशाने दारात बसून डोळ्यांना पदर लावला, आणि मग हळूच खोका पुढ्यात ओढला. कॅमेरे काढून बाजूला ठेवले. एकेक फ्रॉक झटकून पाहिला. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री झाल्यावर मान वर करून कळवळून म्हणाली, "पण भावजी, तीन तासांचं तर विमान. एवढा उशीर कसा केलात?"

नागेश उठला, परसात गेला आणि भडाभडा ओकला.