काचेवरचं पिल्लू

ओनोफ्रेच्या शवपेटीच्या काचेवर कोंबडीचं पिल्लू टकटक चोच मारत होतं. पेटी दर्शनासाठी ठेवल्याचा पाचवा दिवस. सांता बिबियाना शहरात खून झालेल्या माणसाच्या पेटीवर पिल्लू ठेवतात. त्याची प्रत्येक टोच मारेकऱ्याच्या काळजाला लागते म्हणतात. महापौर लेआंद्रो माकाराएगचा यावर विश्वास नव्हता. पिल्लू टोचतं ते भुकेनं, एवढं त्याला ठाऊक होतं. तरी तो पेटीपासून दोन हात लांबच उभा राहिला.

"बसा की मेयर!" भिंतीकडची म्हातारी ओरडली. "निवडणुकीत तर थेट आमच्या चुलीपर्यंत आला होतात."

ओनोफ्रे आणि तो एकाच साप्ताहिकात बातमीदार म्हणून लागले होते. आकडा आधी, मत नंतर, हे ओनोफ्रेनंच शिकवलं. ट्रक मोजायचे तर कॉफीच्या टपरीवर बसायचं, समोर दोन कप ठेवायचे. ट्रक गेला की तांदळाचा एक दाणा या कपातून त्या कपात. पुढे लेआंद्रो वकील झाला, कोळ्यांचे खटले फुकट लढला आणि त्यांच्याच मतांवर महापौर झाला. ओनोफ्रे टपरीवरच राहिला.

गेल्या महिन्यात साप्ताहिकात खाणीवर निनावी लेख आला. पहाटे पाच चाळीस ते सात पंचवीस, त्रेसष्ट ट्रक. परवाना दिवसाला वीसचा. त्या आठवड्यात एका जेवणावळीत खाणमालक सिक्स्तो कोळंबी सोलता सोलता म्हणाला, "कोण रे हा बिननावाचा पंडित?"

लेआंद्रोला राहवलं नाही. जुना बातमीदार जागा झाला. "असं मिनिटामिनिटाला दाणे टाकून मोजणारा या शहरात एकच. आमचा ओनोफ्रे!"

सगळे हसले. सिक्स्तोही हसला. आठव्या दिवशी टपरीसमोर मोटारसायकलवरून दोघे आले.

ओनोफ्रेची बायको लुदिविना कॉफीचा कप घेऊन जवळ आली. तिच्या मुलीचा लेआंद्रो धर्मपिता, म्हणून ती त्याला 'पारे' म्हणायची, तो तिला 'लुदिंग'.

"पारे, संपादकालाही नाव माहीत नव्हतं. पाकीट दाराखालून सरकवून यायचे हे. मग मारणाऱ्यांना कळलं कसं? तुम्ही वकील आहात, शोधा की."

"महापौराला वकिली करता येत नाही, लुदिंग. कायदाच आहे तसा."

"मग कायद्यात बसेल ते करा. पिल्लाला दाणे तरी घाला. सकाळपासून आमच्या कुणाच्या हातचं खात नाही."

त्यानं दाणे घेऊन तळहात पुढे केला. पिल्लू लगेच चढलं. असेल चाळीसेक ग्रॅमचा जीव, पण टोच चांगलीच लागत होती. दाणे काचेवर सांडले. काचेखाली ओनोफ्रेचा चेहरा होता. कानशिलावर पावडरीचा जाड थर.

"नाव मी सांगितलं," लेआंद्रो म्हणाला.

ती ओरडली नाही. "कुणाला?"

"सिक्स्तोला. जेवताना. गमतीत."

"गमतीत," ती म्हणाली.

त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. प्रतिज्ञापत्र. सकाळी स्वतःच टाइप केलं होतं. त्या जेवणावळीत बाकीचे सगळे सिक्स्तोचे मिंधे; या कागदाशिवाय खटला सिक्स्तोपर्यंत पोचणार नाही, हे त्याच्यातल्या वकिलाला स्वच्छ दिसत होतं. लुदिविनानं तो दोनदा वाचला.

"सही कुठाय?"

दाराशी सिक्स्तोनं पाठवलेलं पुरुषभर उंचीचं पुष्पचक्र उभं होतं. त्याखाली त्याची दोन माणसं कॉफीत बिस्किटं बुडवत बसली होती. एकानं महापौरांकडे पाहून कप उंचावला.

"उद्या," लेआंद्रो म्हणाला. "शपथेवरची सही सरकारी वकिलासमोरच करावी लागते."

"त्यांचं ऑफिस आठला उघडतं. दफन नऊला." तिनं पिल्लू उचललं, बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि खोकं त्याच्या हातात दिलं. "आठला सही करा, नऊला हे परत आणा. नाही आणलंत तर मी समजेन."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता लेआंद्रो आपल्या ऑफिसात बसला होता. सरकारी वकील त्याच इमारतीत, एकोणीस पायऱ्या खाली. टेबलावर कागद होता, पेन होतं. खिडकीखालून खाणीचे ट्रक बंदराकडे चालले होते. केव्हा कोण जाणे, त्यानं दोन कप पुढ्यात ओढले आणि पिल्लासाठी आणलेले तांदूळ एकात ओतले. एक ट्रक, एक दाणा.

नऊला चर्चची घंटा झाली. चिटणीस बाई दारातून डोकावल्या. "मेयर, तुमचं पुष्पचक्र पोचलं. गाडी काढायला सांगू?"

"थांबा जरा. मोजतोय."

मग त्याचं लक्ष गेलं. पिल्लू खोक्यातून बाहेर येऊन दुसऱ्या कपाच्या काठावर उभं होतं. कप रिकामा होता.

लेआंद्रोनं ते अलगद बाजूला केलं, पहिल्या कपातून एक दाणा घेतला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.