अडसर कुणी काढला

पहिला दात पडला तो गिरणीवाल्याच्या पोराचा. सातवीच्या वर्गात, फळ्याखाली, सकाळी अकरा वाजता. पाडला लोहाराच्या पोरीनं, आणि पाडला तो इतिहास शिकवायला आलेल्या चष्म्यानं.

हा चष्मा म्हणजे नाकावरचा नव्हे. डोळ्यांपुढं डबा आणि मागून पट्टा. घातला की बसल्या जागी किल्ला दिसतो. मान वळवली की तट वळतो, वर बघितलं की आभाळ, आणि कानात एक आवाज सगळी हकीकत सांगतो. शाळेला असे चार डबे आले होते. दोन आले तेच मेलेले, तिसऱ्याची वायर उंदरांनी खाल्ली. उरला एक आणि पोरं एकतीस. मग शाळेतल्या बाईंनी रीत घालून दिली. रोज एकानं डबा घालायचा, दिसेल ते आणि ऐकू येईल ते मोठ्यानं बोलायचं. बाकीच्यांनी वहीत उतरवायचं. न्हाव्याच्या पोरानं राजवाडा सांगितला तेव्हा तीस वह्यांत नुसत्या मिशा आल्या होत्या.

त्या दिवशी नंबर चिमटीचा होता. चिमटी म्हणजे ठिणगी लोहाराची पोरगी. बाप तापट म्हणून ठिणगी, आणि ही भात्यापाशी बसून चिमटे पुढं करते म्हणून चिमटी. आज बघायचा होता तो मोठा किल्ला, आणि तो किल्ला म्हणजे लोहाराच्या घरचाच समजा. वेढा पडला तेव्हा यांचा मूळपुरुष दरवाजाचा अडसर धरून उभा राहिला आणि तिथंच मेला, असं गाव मानत आलं होतं. त्याच मानानं पाटाचं पहिलं पाणी लोहाराच्या खालच्या आळीला मिळायचं. पाटाच्या दाराला कुलूप ठिणगीच्या आजाच्या हातचं आणि किल्ली ठिणगीच्या कंबरेला. खालच्या आळीची शेतं भिजली की मग वरच्या वस्तीला पाणी. यंदा धरणातच तळ दिसत होता. खालची आळी भिजेपर्यंत पाट आटायचा, आणि वरच्या वस्तीची पोरं शाळा बुडवून दोन कोसांवरून कळशा आणायची. गिरणीवाला त्या वस्तीचा. बैठकीत तो दरवेळी हा मान मोडायची गोष्ट काढायचा आणि ठिणगी दरवेळी मूळपुरुषाला उभा करायचा.

तर चिमटी डबा घालून बोलत होती. तट आला, बुरूज आला, मोठा दरवाजा आला. खिळे माझ्या मुठीएवढे आहेत म्हणाली. मग बोलायची थांबली आणि कानातला आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिली. पोरं पेन्सिली धरून बसलेली. बाईंनी विचारलं, पुढं काय.

"दरवाजा बंद होता," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बंद होता."

तीस वह्यांत तेच लिहिलं गेलं. पण गिरणीवाल्याचं पोरगं पहिल्या बाकावर होतं. पिठानं कायम पांढरं, म्हणून पीठ्या. त्याला तिचा आवाज खोटा वाटला. उठला, तिच्या डोक्यावरचा डबा ओढला, स्वतःच्या डोळ्यांना लावला, तसा दरवाजाचा प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि तो मोठ्यानं सांगत सुटला.

"अडसर आतनं निघाला. लोहारानं काढला. ह्यांच्याच लोहारानं. फितूर होता तो."

चिमटीनं डबा हिसकला आणि पट्ट्याला धरून त्याच्या तोंडावर हाणला. दात फळ्यापाशी जाऊन पडला. पीठ्यानं तिची वेणी धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. खालच्या आळीची पोरं वरच्या वस्तीच्या पोरांवर पडली. कंपासपेट्या, पट्ट्या, बाकांच्या मोडक्या फळ्या, हाताला येईल ते चाललं. बाई मध्ये शिरल्या तर त्यांच्या कपाळावर डस्टर बसला. पोरं ओरडतसुद्धा नव्हती, नुसती दात आवळून मारत होती. घरात जे वर्षभर ऐकलेलं, ते हातातून बाहेर पडत होतं.

बातमी भट्टीवर पोचली तेव्हा ठिणगी फाळ ठोकत होता. पोरीचं डोकं फुटलं हे त्यानं ऐकलं. मूळपुरुषाला फितूर म्हणाले हेही ऐकलं. यातलं कुठलं ऐकून तो उठला, हे त्यालाच ठाऊक. फाळ तसाच निखाऱ्यात टाकला आणि घण खांद्यावर घेऊन चालू लागला. त्याची बायको मागनं म्हणत राहिली की घण ठेवून जा, पोरीला घेऊन या. त्याच्या कानात शिरलं नाही.

शाळेच्या अंगणात गिरणीवाला आधीच होता, चार माणसं आणि काठ्या घेऊन. बोलणं झालंच नाही. गिरणीवाल्याच्या पुतण्यानं काठी उचलली, ठिणगीनं घणाच्या दांड्यानं ती उडवली आणि तोच दांडा त्याच्या बरगडीत घातला. पुतण्या गुडघ्यावर आला. मागनं दोघांनी ठिणगीला धरलं, गिरणीवाल्यानं तोंडावर ठोसे दिले, एक, दोन, तीन. ठिणगीनं डोकं पुढं टाकून त्याचं नाक फोडलं. पायरीवर रक्ताचे थेंब पडले आणि त्या उन्हात बघता बघता काळे झाले.

"कुठाय तो डबा," ठिणगी म्हणाला. "त्याचा भुगा करतो."

बाई दारात आल्या. कपाळावरून रक्त ओघळत होतं, पुसलं नव्हतं. त्यांनी डबा पुढं धरला. "आधी बघा. मग फोडा."

गिरणीवाला नाक दाबून हसला. "बघ की. तुझाच मूळपुरुष आहे ना."

आता मागं हटणं शक्य नव्हतं. ठिणगीनं डबा घातला. घण मात्र सोडला नाही, आणि सोडा म्हणायचं कुणाला सुचलंही नाही.

त्याला दरवाजा दिसला. खिळे दिसले, आणि कोणत्या ठोक्याचे तेही त्यानं ओळखलं. मग बोळातून एक माणूस आला. अंगावर काजळी, खांदा एका बाजूला कललेला, ठिणगीचा कलतो तसा. माणसानं इकडंतिकडं बघितलं आणि अडसराला हात घातला. कानातला आवाज काहीतरी सांगत होता. ठिणगी ऐकत नव्हता.

"सोड तो," तो म्हणाला. "सोड म्हणतो ना." आणि पुढं धावला.

अंगणातल्या लोकांना काय दिसलं? डोळ्यांवर डबा, हातात घण आणि शाळेच्या भिंतीवर चाललेला माणूस. सगळे बाजूला झाले. एकटी चिमटी धावली. "बाबा, ते खरं नाही, बाबा," म्हणत तिनं डबा काढायला हात वर केला. घण त्या हातावर आला.

वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ठिणगीनं डबा वर केला तेव्हा किल्ला नव्हता. पोरगी खाली पडली होती आणि तिचा उजवा हात कोपराखाली नको तिकडं वळला होता. गिरणीवाल्याच्या हातून काठी गळाली. त्यानंच जीप काढली. चिमटीला दवाखान्यात पोचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटी घरी आली, हात प्लास्टरमध्ये. बाप उंबऱ्यात बसला होता. ती बसली तसा तो जवळ सरकला, तिनं सरकू दिलं. तो म्हणाला, "कशाला काढला असेल गं त्यानं अडसर?"

"आवाज सांगत होता की. तुम्ही ऐकलं नाही, पीठ्यानंपण पुढचं ऐकलं नाही."

मग तिनं सांगितलं. वेढ्यात टाकं आटलं. अकरा दिवस आत पाणी नव्हतं. सरदारांचे हौद भरलेले होते, त्यांच्यावर पहारा होता. तीनशे पोरं होती आत, रोज दोन-चार मरत होती. लोहारानं पोरांना खालच्या ओढ्यावर न्यायला अडसर काढला. पोरं पाण्यापर्यंत पोचली. त्याला मात्र शत्रूनं नाही मारलं. आपल्याच लोकांनी तटावरून ढकललं.

"हे तू काल वर्गात का नाही सांगितलंस?"

"पाणी जाईल म्हणून," चिमटी म्हणाली. "आपलं."

ठिणगी उठला. भट्टीत गेला, काल टाकलेला फाळ निखाऱ्यात जळून वाकडा झाला होता, तो बाहेर काढून टाकला. घण घेतला. बायको आडवी आली. त्यानं तिला हातानं बाजूला केलं, हळूच.

पाटाच्या दारावर वरच्या वस्तीची माणसं पहारी घेऊन जमली होती. कुलूप ठोकून ठोकून वाकवलं होतं, पण तुटलं नव्हतं. घणवाला लोहार बघून पहारी उचलल्या गेल्या. ठिणगीनं किल्ली घालून बघितली. फिरेना. मग त्यानं पाय रोवले आणि आजाच्या हातच्या कुलपावर घण घातला. तिसऱ्या घावाला ते पाण्यात पडलं. दार त्यानंच वर उचललं आणि पाणी वस्तीकडं वळलं.

गिरणीवाल्याचं नाक कापसानं भरलं होतं. तरी तो बोललाच.

"शेवटी रक्त सांगतंच. उघडलंस."

सगळ्यांची नजर घणावर गेली. ठिणगीच्या हाताच्या शिरा वर आल्या. त्यानं घण खांद्यावर टाकला.

"हो," म्हणाला. "उघडलं." आणि घरी गेला. खालच्या आळीतून जाताना त्याच्याच भाऊबंदांनी त्याच्यावर दगड टाकले. दोन लागले. तो थांबला नाही.

सोमवारी चिमटी वर्गात उभी राहिली. बाईंच्या कपाळाला पट्टी होती. चिमटीनं सगळ्यांना वह्या काढायला सांगितल्या आणि 'दरवाजा शेवटपर्यंत बंद होता' ही ओळ खोडायला सांगितली. तीस पेन्सिली चालल्या. पीठ्या आज कळशीला गेला नव्हता, पहिल्या बाकावर होता. दाताच्या फटीतून हवा सुटत होती.

"मग काय लिहू?"

"लिही, अडसर आमच्या लोहारानं काढला," चिमटी म्हणाली. "आणि थांबू नकोस. पुढं सांगते, तेपण लिही."