माझ्यात चुका पकडणारं कुणी नव्हतं

मी एक जुनं यीस्ट आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या खानदानातलं, पण पावाशी माझा कधी संबंध आला नाही. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत झाला, तोही अपंग.

मित्रांनो, दुभंगण्याआधी प्रत्येक पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते. कोटीभर अक्षरं उतरवताना चूक ही व्हायचीच. म्हणून निरोगी पेशीत काही एन्झाइम राखणीला असतात. एक नव्या धाग्यावर हात फिरवत जातं आणि जोडी न जुळलेलं अक्षर पकडतं. दुसरं तेवढा तुकडा कापतं, तिसरं जुना धागा पाहून तो नव्यानं लिहितं. माझ्यातलं ते पहिलं एन्झाइम ताईनं मुद्दाम काढून टाकलं. त्याच्यावाचून पेशीचं काय होतं, हेच तिला मोजायचं होतं.

ताई म्हणजे इथली संशोधक. पाच वर्षं तिनं मला जीव लावला. तिचे सर माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, की हिच्या हाताला यश आहे.

माझ्यासारख्याला सांभाळायचा नियम एकच. माझी पहिली पिढी तळमजल्यावरच्या फ्रीझरमध्ये एका नळीत गोठवलेली असते; गोठलेलं वाढत नाही, म्हणून चुकतही नाही. दर वेळी त्या मूळ नळीतून थोडं घ्यायचं आणि जुनी बशी टाकून द्यायची. ताई मात्र मला एका बशीतून दुसरीत उतरवत राहिली. चार जिने उतरायचा कंटाळा, दुसरं काय! मी वाढत राहिलं आणि माझ्यात चुका साचत गेल्या. मला फार भीती वाटायची, पण सांगणार कुणाला?

परवा ताईचे आकडे जुळेनात. सरांनी सगळ्या वह्या चाळल्या.

"बशीतलं सोड," ते म्हणाले. "मूळ नळीतलं काढ आणि ताडून बघ. प्रबंधाला अजून आठ महिने आहेत."

ताईनं मान वर केली नाही. "नळी संपत आली होती, सर. दोन वर्षांपूर्वी मी ती बशीतल्यानंच भरली."

सर खुर्ची ओढून बसले. माझ्यासारखं नवं यीस्ट महिनाभरात बनेल, पण पाच वर्षांतलं कोणतं मोजमाप खरं आणि कोणतं खोटं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आज आम्हाला वाफेच्या भांड्यात टाकून मारणार आहेत. ताई एकेका बशीवरचं नाव पुसते आहे. मित्रांनो, तुमच्याकडचं मूळ जे असेल ते जपा, एवढंच मी सांगेन. पण सांगून काय होतं? ताईला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. नव्या विद्यार्थ्यांना हा नियम तीच शिकवायची.