जुळणारे ठोकळे

भिंगरीने ‘घ’चा ठोकळा नाकाजवळ नेला, क्षणभर तिथेच धरला आणि मग लाकडी पट्टीवर ठेवला. पाठोपाठ ‘र’ आला. तिने दोन्ही सरकवले, तसे ते टक्कन एकमेकांत बसले.

“घ… र… घर!”

वर्गाने टाळ्या पिटल्या. तिचे वाचन ऐकायला आलेल्या आणि मागे मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या आजोबांनी कारण नसताना चष्मा पुसला. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून त्यांचे सारे आयुष्य यंत्रांचे सुटे भाग जुळवण्यात गेले होते. परंतु नातीच्या तोंडी दोन आवाज जुळताना ऐकणे हे काही निराळेच होते.

पालकसभेत बाईंनी समजावले होते, “घरी ‘क कमळाचा’ असं घोकून घेऊ नका. अक्षराचा आवाज काढायचा, त्याला पुढचा आवाज जोडायचा. शब्द आपोआप होतो.” आजोबांना ही रीत तिथल्या तिथे पटली. जोडणी हा तर त्यांचाच प्रांत! फर्निचरच्या कारखान्यातून त्यांनी उरलेसुरले तुकडे मागून आणले. साग, शिसव, देवदार, अक्रोड, जो हाताला लागला त्याचा ठोकळा केला. प्रत्येकावर एकेक अक्षर कोरले, एका बाजूला पुढे आलेली जीभ काढली, दुसऱ्या बाजूला ती बसेल अशी खाच. रंग मात्र लावला नाही. चांगले लाकूड झाकणे त्यांच्या जिवावर येई.

“आता फळ्यावर,” असे म्हणत बाईंनी खडूने तोच शब्द लिहिला.

फळ्यावरचे शब्द वाचणाऱ्याला कपाटातले एक पुस्तक घरी न्यायला मिळे. हत्तीचे पुस्तक भिंगरीने केव्हाच हेरून ठेवले होते. रोज मधल्या सुट्टीत ती कपाटाच्या काचेला नाक लावून ते जागेवर असल्याची खात्री करून घेई.

ती फळ्यासमोर उभी राहिली. तिने वळून टेबलावरच्या ठोकळ्यांकडे पाहिले, पुन्हा फळ्याकडे पाहिले.

“अगं, आत्ताच तर वाचलंस!” पहिल्या बाकावरची मैत्रीण कुजबुजली.

“हे ते नाहीये.”

भिंगरी आणखी पुढे सरकली आणि तिने फळ्याचा वास घेतला. वर्गात हशा पिकला. आजोबा मात्र हसले नाहीत. ते उठले, टेबलापाशी आले आणि त्यांनी एक ठोकळा उचलला.

“डोळे मीट बघू.” त्यांनी तो तिच्या नाकाखाली धरला.

“म,” भिंगरी म्हणाली.

दुसरा धरला.

“प. याला खोडरबरासारखा वास येतो.”

सगळे बरोबर आले. मुले अवाक झाली. आधी बाईंनाच हसू फुटले.

“आजोबा, ही तर लाकूड हुंगून ओळखते, पक्की सुतार झाली की हो!”

“सुतार झाली, वाचक व्हायची राहिली,” आजोबा म्हणाले. “खोट माझ्या मालात आहे, बाई. पोरीत नाही. मला दोन दिवस द्या.”

“परवा पुन्हा फळा आहेच,” बाई म्हणाल्या. “हत्ती कुठे पळून जात नाही.”

त्याच संध्याकाळी भिंगरीची आई कामावरून आली, तेव्हा मागच्या खोलीतल्या कामाच्या कोपऱ्यात करड्या रंगाचा डबा उघडा होता आणि आजोबा ब्रश चालवत होते.

“बाबा! अक्रोडावर करडा रंग? जेवणाच्या टेबलाला मला नुसतं तेलसुद्धा लावू दिलं नव्हतंत!”

“टेबलाला वाचायला शिकायचं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी ठोकळे वाळले. भिंगरीने एक हुंगला, दुसरा हुंगला, आणि तिचे तोंड वाकडे झाले.

“सगळ्यांना एकच वास येतोय.”

“येणारच.”

“मग मला कळणार कसं?”

“बघून. बोट फिरव. घाई नाही.”

तिने कोरलेल्या रेषेवरून बोट फिरवले. “म…” बराच वेळ गेला. “न…” टक्. “मन.” पुढच्या जोडीला ती अडखळली, चिडली. तिने ठोकळा ढकलून पुन्हा जवळ ओढला. आजोबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. अक्षर त्यांच्याच जिभेवर येऊन थांबत होते.

तेवढ्यात पट्टी हलली. “थांब, हिला टेबलावर ठोकूनच टाकतो,” असे म्हणून आजोबांनी हातोडी घेतली. पाठीमागच्या भिंतीला खणांची मांडणी होती. प्रत्येक खणावर त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती, कडा पिवळ्या पडलेली. मान न वळवता त्यांनी हात मागे नेला, एक खण ओढला, खिळे काढले आणि ते ठोकू लागले.

भिंगरी उघड्या खणापाशी गेली. तिने वास घेतला नाही. तिचे बोट चिठ्ठीवर टेकले.

“न… ट… नट.”

हातोडी थांबली.

भिंगरी टाचा उंचावून खणात डोकावली. आजोबांनी दिलेले नट बोटांत घालून अंगठ्या-अंगठ्या खेळणारी पोर ती. नट तिला चांगले ठाऊक होते.

“आजोबा, यात तर खिळे आहेत!”

“आहेतच. खिळे त्यातच अस…”

आजोबा वळले. चिठ्ठीवर स्वच्छ ‘नट’ लिहिले होते. त्या खणात खिळे कधी गेले, हे त्यांना आठवेना. हाताला खण ठाऊक होता. चिठ्ठीवर डोळे किती वर्षांत गेले नव्हते, कोण जाणे.

दारात आई उभी होती, खांद्यावरची पर्स अजून खांद्यावरच.

“वाचलं ना तिने, बाबा? स्वतः?” तिचा आवाज चढला. “हत्तीसाठी पिशवी काढून ठेवू का मी?”

“मग नट कुठेयत?” भिंगरीला तेवढेच हवे होते.

आजोबांचा हात सवयीने शेजारच्या खणाकडे गेला आणि अर्ध्यावर थबकला. त्यांनी तो मागे घेतला, चष्मा वर सारला आणि नातीसाठी स्टूल मांडणीपाशी ओढले.

“चढ,” ते म्हणाले. “तू वाचत जा, मी उघडत जातो.”